टॉवर आधी, ॲप मग

रानडुकराने किंवा रोह्याने पिकाचे नुकसान केले तर तेही पीकविम्यात धरले जाईल, असे केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. २०२६ च्या खरिपापासून पंतप्रधान पीकविमा योजनेत हे जादा संरक्षण घ्यायचे, आणि कोणते प्राणी धरायचे ते राज्यांनी ठरवायचे, अशी ही तरतूद आहे. ताडोब्याच्या कडेला मोहर्ली भागात जे कास्तकार वावर कसतात त्यांना याचे मोल सांगायला नको. ज्वारी दाण्यावर आली की रात्रभर जागल करायची, डबे वाजवायचे, आणि तरी सकाळी अर्धा एकर लोळवलेला पाहायचा, हे ज्याचे त्याला माहीत. तेव्हा बातमीचे स्वागत.

पण बातमीचे शेपूटही वाचा. नुकसान झाल्यापासून ७२ तासांच्या आत, पीकविम्याच्या ॲपवर, जागेची नोंद असलेल्या फोटोसह कळवायचे आहे.

आता जंगलाला लागून असलेल्या वावरात उभे राहून खिशातला फोन काढून पाहा. गावठाणात दोन काड्या दिसतात, पांदणीत एक, आणि शेवटच्या धुऱ्यावर एकही नाही. डुक्कर येते ते शेवटच्याच धुऱ्यावर. फोटो काढायचा तिथे आणि पाठवायचा कुठून? सडकेवर येऊन, टेकाडावर चढून, नाही तर भद्रावतीला जाऊन. म्हातारा कास्तकार असेल तर आधी मोबाइलवाला पोरगा शोधून. पोरगा कामाला नागपूर-पुण्याला गेला असेल तर शेजाऱ्याचा. आणि ज्या फोनवर ओटीपी येणार तो नंबर दोन वर्षांपूर्वी बंद पडलेला असेल तर मग विचारूच नका.

शेतकरी तंत्रज्ञानाला भितो, मोबाइल चालवायला शिकत नाही, असे काही साहेब लोक यावर म्हणतील. ही तक्रार आम्ही शेतकी कॉलेजात शिकत होतो तेव्हापासून ऐकतो आहोत, फक्त मोबाइलच्या जागी तेव्हा बियाणे आणि खत होते. म्हणून थोडा जुना हिशेब काढू.

तारेचा आणि कापसाचा संबंध तर आपल्या पणजोबांच्या वेळचा. १८७० मध्ये व्हाइसरॉय लॉर्ड मेयो खामगावला आला, तो तिथला रेल्वेचा फाटा सुरू करायला. त्याच वर्षी समुद्राखालून टाकलेल्या तारेने मुंबई इंग्लंडशी जोडली गेली. जो भाव कळायला आगबोटीच्या टपालाची वाट पाहावी लागे तो आता तारेने येऊ लागला. लिव्हरपूलला तेजी-मंदी झाली की वऱ्हाडातल्या मोठ्या व्यापाऱ्याला पत्ता लागे. कापूस पिकवणाऱ्याला मात्र भाव कळे तो बंडी बाजारात उभी राहिल्यावर, तोही रुमालाखाली दाबलेल्या बोटांवरून. वऱ्हाडच्या बाजारांना शिस्त लावायला १८९७ मध्ये कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. तार खेड्यापर्यंत आली, पण तिचे एक टोक नेहमी दुसऱ्याच्या हातात राहिले.

मग तारेवर मालकी कोणाची? १८८५ च्या टेलिग्राफ कायद्याने ती एकट्या सरकारला दिली. इंग्रज गेला, कायदा राहिला. १९७२ पासून एकाधिकार कापूस खरेदीत ज्यांनी आपला कापूस एकाच गिऱ्हाइकाला घातला, चुकाऱ्यासाठी महिनोन् महिने वाट पाहिली आणि रात्रीतून आदिलाबादकडे बंड्या नेल्या, त्या आम्हा कापूसवाल्यांना ही भाषा ओळखीची आहे. दुकान एकच असले की माल कमी, रांग मोठी, आणि दुकानदार मालकासारखा वागतो. टेलिफोनचे तेच झाले. शहरात वर्षानुवर्षे नंबर लागत नसे. खेड्यात नंबर लावायचा कुठे हेच माहीत नव्हते. बाहेरगावी मयताची खबर द्यायची तर तालुक्याच्या पोस्टात जाऊन ट्रंक कॉल लावायचा आणि बाकावर बसून राहायचे.

१९९४ मध्ये सरकारने पहिले राष्ट्रीय दूरसंचार धोरण काढले. त्यातले आकडे सरकारचे स्वतःचे आहेत. देशात शंभर माणसांमागे ०.८ टेलिफोन, जगाची सरासरी १०. पाकिस्तानात २, मलेशियात १३. देशातल्या ५,७६,४९० गावांपैकी टेलिफोन पोचलेला जेमतेम १ लाख ४० हजार गावांत. धोरणाने वचन दिले की १९९७ पर्यंत प्रत्येक गावात टेलिफोन येईल. १९९७ उजाडले आणि मावळले. १९९९ चे दुसरे धोरण म्हणाले की २ लाख ९० हजार गावे राहिली आहेत, ती २००२ पर्यंत करू. त्याच धोरणात असेही लिहिले होते की खेड्यांत आज शंभर माणसांमागे ०.४ फोन आहेत, ते २०१० पर्यंत ४ करू. दिल्लीच्या कल्पनेची झेप एवढीच होती.

प्रत्यक्षात मार्च २०१० मध्ये खेड्यांतला आकडा २४ च्या वर गेला होता. ठरवले चार आणि झाले चोवीस. सरकारी योजनांच्या इतिहासात असा उलटा चमत्कार सहसा सापडत नाही, म्हणून तो कसा झाला हे पाहण्यासारखे आहे.

सरकारने काहीच केले नाही असे आम्ही म्हणणार नाही. १९८४ मध्ये सी-डॉट ही संस्था निघाली, सॅम पित्रोदांनी तिला दिशा दिली, आणि तिथल्या आपल्याच इंजिनियरांनी १२८ लाइनींचे छोटे ग्रामीण एक्स्चेंज बनवले. परदेशी यंत्राला थंडगार खोली लागे. हे यंत्र आपल्या उन्हात, धुळीत, विजेच्या लपंडावात चालले. १९८६ मध्ये कर्नाटकातल्या कित्तूरला पहिले बसले. एसटी स्टँडवरचे पिवळ्या पाटीचे एसटीडी बूथ त्यानंतरच गावोगाव दिसू लागले. चांगले काम होते.

पण खेड्याच्या घराघरात फोन गेला तो त्याने नव्हे. ३१ जुलै १९९५ ला देशातला पहिला मोबाइल कॉल झाला तेव्हा ते श्रीमंतांचे खेळणे होते. आलेल्या कॉललाही पैसे पडत. कंपन्या वाढल्या, १९९९ मध्ये जबर लायसेन्स फीऐवजी मिळकतीतला हिस्सा घेण्याची पद्धत आली, मे २००३ पासून येणारा कॉल फुकट झाला, आणि दर कोसळले. त्यानंतर मोबाइल घ्या म्हणून कोणाला सांगावे लागले? कोणत्या कृषी सहायकाने त्याचे प्रात्यक्षिक घेतले? त्यावर ना अनुदान होते, ना शिबिर, ना फोटो काढायला मंत्री. ज्याने शाळेचे तोंड पाहिले नव्हते त्यानेही हिरवे बटन, लाल बटन आठवड्यात ओळखले. मिस कॉल ही तर आपल्याच माणसांची युक्ती. एक मिस कॉल म्हणजे पोचलो, दोन म्हणजे लाइन आली, मोटार लाव. कंपनीला एक पैसा न देता निरोप पोचला.

आमच्या शेतकी शिक्षणात 'तंत्रज्ञानाचा प्रसार' असा एक विषय होता. त्यात शेतकऱ्यांचे पुढारलेले, मध्यम, मागासलेले असे कप्पे केलेले असत. पण वावरात फिरल्यावर दिसले की कास्तकार कप्प्याप्रमाणे नाही, हिशेबाप्रमाणे वागतो. १९६४ मध्ये सी.एस.एच.-१ ही पहिली संकरित ज्वारी आली. दाणा जास्त, पण ताट बुटके, कडबा कमी, आणि कापणीच्या वेळी पाऊस लागला की दाणा काळा पडे. ज्याच्याकडे बैल होते त्याने थोडी संकरित पेरली आणि थोडी गावरान ठेवली. साहेबाने त्याला मध्यम कप्प्यात टाकले. १९७० मध्ये सुरतेहून डॉ. चंद्रकांत पटेलांचा एच-४ हा संकरित कापूस आला, तर खर्च जास्त असूनही लोकांनी तो धरला. बीटीचे तेच. २००२ मध्ये सरकारने परवानगी देण्याआधीच गुजरातेत ते वावरात उभे होते. ज्यात चार पैसे दिसतात ते शेतकरी रात्रीतून शिकतो. ज्यात दिसत नाहीत ते दहा शिबिरे घेतली तरी शिकत नाही, आणि त्याचे तेच बरोबर असते.

मोबाइल हाती आल्याने भाव वाढला का? इथे थोडे थांबायला हवे, कारण जाहिरातीत तसे सांगतात. केरळात १९९७ ते २००१ या काळात मासेमारांच्या हाती मोबाइल आले. रॉबर्ट जेन्सन या अर्थशास्त्रज्ञाने तिथला अभ्यास २००७ मध्ये छापला. पूर्वी एका किनाऱ्यावर गिऱ्हाईक नाही म्हणून ताजी मासळी समुद्रात फेकत आणि पंधरा किलोमीटरवर लोक ती मागत बसत. फोन आल्यावर नावेतूनच भाव विचारून लोक नाव वळवू लागले. फेकणे जवळजवळ थांबले, मासेमाराचा नफा सुमारे ८ टक्के वाढला आणि खाणाऱ्याला मासळी ४ टक्के स्वस्त मिळाली.

तसेच काही आपल्याकडे होईल म्हणून २००७ मध्ये महाराष्ट्रात रॉयटर्स मार्केट लाइट ही सेवा निघाली. मोबाइलवर मराठीतून बाजारभाव, हवामान, पिकाचा सल्ला. मार्सेल फाफशां आणि बार्ट मिंटेन या दोघांनी राज्यातल्या १०० गावांत ती सेवा काहींना देऊन, काहींना न देऊन तपासली. २०१२ मध्ये निकाल छापला तो असा, की सेवा मिळालेल्यांच्या हाती पडलेल्या भावात म्हणण्यासारखा फरक नव्हता.

आमचे उत्तर साधे आहे. मासेमाराची नाव समुद्रात होती, ती कोणत्याही किनाऱ्याला लागू शकत होती. आपला माल एकाच बाजार समितीत, एकाच अडत्याकडे जातो, ज्याच्याकडून पेरणीला उचल घेतलेली असते. हिंगणघाटला शंभर रुपये जास्त आहेत हे कळले तरी गाडीभाडे, उचल आणि चुकारा यांचा मेळ घालेपर्यंत शंभर संपतात. भाव कळून उपयोग त्याला, ज्याला माल दुसरीकडे नेण्याची मोकळीक आणि ऐपत आहे. म्हणून फोनने सारे होईल असे आम्ही कधी म्हटले नाही. फोनने जे होते तेही कमी नाही. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांच्या 'नॅनो गणेश'सारख्या यंत्राने मोबाइलवरून विहिरीची मोटार चालू-बंद करता येते. ज्याची लाइन रात्री येते आणि ज्याच्या विहिरीवर वाघाचा पाय उमटलेला असतो, त्याला विचारा या यंत्राची किंमत. मोहर्लीजवळच्या सीतारामपेठेत वनखात्याने गावाच्या कडेला कॅमेऱ्यांची आभासी भिंत बसवली. वाघ दिसला की यंत्र ओळखते आणि इशारा देते. अशा गोष्टी आम्हाला हव्यात, गावोगाव हव्यात.

आमचे भांडण तंत्रज्ञानाशी नाही, सक्तीशी आहे. जोवर फोन आपल्या सोयीसाठी होता तोवर तो आपण आनंदाने शिकलो. आता तोच फोन सरकारच्या दारावरचा चौकीदार झाला आहे. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी आली. सातबारावर पेरा चढवायचे काम जे तलाठ्याचे होते ते आपल्याकडे आले. तलाठ्याचा पगार मात्र आपल्याकडे आला नाही. तलाठी घरी बसून कापसाच्या जागी तूर लिहीत असे, म्हणून आपल्या हातची नोंद चांगलीच, हे आम्हाला मान्य आहे. पण नोंद राहिली तर आता दोष तलाठ्याचा नाही, आपला.

त्यानंतर कापूस. २०२५-२६ च्या हंगामात सीसीआयला हमीभावाने कापूस द्यायचा तर 'कपास किसान' ॲपवर नोंदणी करायची आणि दिवस ठरवून घ्यायचा, असा नियम आला. लांब धाग्याचा हमीभाव ८,११० रुपये, बाजार त्याच्या बराच खाली. खाली का, तर त्याच वर्षी १९ ऑगस्टपासून डिसेंबरअखेरपर्यंत परदेशी कापसावरचे ११ टक्के आयात शुल्क माफ केले होते. म्हणजे बाहेरच्या गाठीला दार सताड उघडे, आणि वरोऱ्याच्या कास्तकाराने मात्र सातबारा, आधार, ओटीपी जुळवत फोनवर बोट घासत बसायचे. दिवस ठरल्याने जिनिंगपुढची बंड्यांची रांग कमी होते, कास्तकाराच्या नावावर व्यापाऱ्याने कापूस घालण्याला आळा बसतो, हे फायदे आम्ही नाकारत नाही. पण ज्याला ॲप जमले नाही त्याच्यासाठी केंद्रावर एक वही आणि एक माणूस का नको? जमले नाही म्हणून त्याने पडत्या भावाने खाजगीत कापूस घातला, तर क्विंटलमागचा तोटा कोणत्या खात्यात लिहायचा?

फोनची सक्ती करण्याआधी फोन पोचवण्याचे कर्तव्य येते. त्यासाठी पैसा नाही असे कोणी सांगू नये. एप्रिल २००२ पासून दूरसंचार कंपन्यांच्या मिळकतीतले ५ टक्के खेड्यांत सेवा पोचवण्याच्या नावाने वसूल होतात. ही पाच टक्के म्हणजे शेवटी आपण भरलेल्या रिचार्जमधलीच. त्याचा सार्वत्रिक सेवा दायित्व निधी झाला, २०२३ च्या दूरसंचार कायद्याने त्याचे नाव डिजिटल भारत निधी ठेवले. वसुली जोरात, पण वर्षानुवर्षे मोठी रक्कम त्या कामाला लागलीच नाही, आणि कॅगनेही या हिशेबावर बोट ठेवले. शिवाय लहरींचा लिलाव आहेच. २०१० मध्ये थ्री-जीचे ६७ हजार कोटींच्या वर आले, २०२२ मध्ये फाइव्ह-जीची बोली दीड लाख कोटींवर गेली. हवेतल्या लहरी ही जनतेची मालमत्ता आहे असे सुप्रीम कोर्टाने १९९५ मध्ये सांगून ठेवले आहे. जनतेत मोहर्लीही येते आणि भामरागडही.

कामाची गत पाहा. प्रत्येक ग्रामपंचायतीला तंतूवाहिनी देण्याची योजना ऑक्टोबर २०११ मध्ये मंजूर झाली, दोन वर्षांत संपवायची होती. बारा वर्षांनी, ऑगस्ट २०२३ मध्ये, तिच्यासाठीच १,३९,५७९ कोटींची सुधारित योजना मंजूर करावी लागली. नोव्हेंबर २०२१ मध्ये गडचिरोलीसारख्या आकांक्षित जिल्ह्यांतल्या ७,२८७ गावांसाठी, आणि जुलै २०२२ मध्ये देशभरच्या २४,६८० गावांसाठी मोबाइल टॉवरच्या योजना झाल्या. १९९७ पर्यंत प्रत्येक गावात टेलिफोन देणार होते, ती मुदत टळल्यावर पंचवीस वर्षांनी सरकारच्याच कागदावर इतकी गावे कोरडी निघाली. पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो आणि अशाच वेळी फोनची खरी गरज असते, हे सांगायला तज्ज्ञ लागत नाही. मार्च २०२४ मध्ये शहरांत शंभर माणसांमागे १३३ जोडण्या होत्या, खेड्यांत ५९.

आणि एक फसवी गोष्ट यात आहे. गाव जोडले म्हणजे काय? गावठाणात सिग्नल आला की गाव जोडलेले धरतात. पीक गावठाणात उगवत नाही.

जंगल आहे म्हणून टॉवर नाही, तार नाही, हे कारण आमच्या भागात हमखास पुढे येते. त्यावर कायद्यात वाट आहे, ती सरपंचांनी लक्षात ठेवावी. २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, तलाव अशा तेरा गावकामांसाठी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन देता येते. त्या यादीत वीज आणि दूरसंचाराच्या तारा आहेत. अट एवढी, की ग्रामसभेची शिफारस हवी आणि हेक्टरी पंचाहत्तरपेक्षा जास्त झाडे तुटू नयेत. शिफारशीचा ठराव ग्रामसभेने करायचा, मागणीची वाट पाहत बसायचे नाही.

सरकारकडे आमचे मागणे असे. ज्या वावरात सिग्नल नाही तिथल्या कास्तकाराला ॲपची सक्ती नको. तलाठी, कृषी सहायक किंवा खरेदी केंद्र यांनी कागदावरचा अर्ज तारीख टाकून, पोच देऊन घ्यावा आणि तो ॲपवरच्या नोंदीइतकाच धरावा. १४४४७ हा विम्याचा फोन नंबर आहे खरा, पण सिग्नल नसेल तर तोही लागत नाही. दुसरे, ७२ तास मोजायचे ते फोटो काढल्यापर्यंत, फोटो पोचल्यापर्यंत नव्हे. फोनला आपली जागा उपग्रहावरून कळते, त्याला टॉवर लागत नाही, आणि फोटोवर वेळही पडते. म्हणजे नेटवर्क नसतानाही धुऱ्यावर काढलेला फोटो पूर्ण पुरावा आहे. तो ॲपने साठवून ठेवावा आणि सिग्नल मिळाल्यावर पाठवावा. हे करायला नवे तंत्रज्ञान शोधायचे नाही, नियमात एक ओळ घालायची आहे.

हे मागायला आपल्या हातात आकडे हवेत. प्रत्येक गावाने एक शंभर पानी वही घ्यावी. ज्या ज्या वावरात फोन लागत नाही त्याचा गट नंबर, धुरा, कोणत्या कंपनीचे सिम लावून पाहिले, आणि पाहिल्याची तारीख लिहावी. एकाच सिमवर समाधान मानू नका, दोन-तीन लावून पाहा, नाही तर साहेब तिथेच पकडतील. विम्याचा किंवा कापसाचा अर्ज नेटवर्कमुळे राहिला असेल तर त्याच पानावर मागे ते लिहा. सोबत ग्रामसभेच्या ठरावाची नक्कल जोडा. वह्या आधी तालुक्याला जमा करायच्या आहेत, मोहर्ली भागातल्या भद्रावतीला. जिल्हा बैठकीत त्या एकत्र करून जिल्हाधिकाऱ्यांपुढे ठेवू, खरिपाच्या विम्याची मुदत सुरू होण्याच्या आत.